आमची वाटचाल: आधी नर, मग राणी

परभणीच्या शिवारात करडई आणि सूर्यफुलाच्या परागीभवनासाठी मधपेट्या ठेवायच्या, एवढेच आमचे सुरुवातीचे काम. राणीमाश्या वाढवणे हा त्याला जोडून लागलेला छंद. आता तोच मुख्य व्यवसाय झाला आहे. आम्ही मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) जातीच्याच राण्या तयार करतो.

ग्राफ्टिंगला, म्हणजे कामकरीच्या घरातली अळी सुईने उचलून राणीसाठीच्या छोट्या कपात ठेवायला, अळी 24 तासांच्या आतली लागते, अंड्यापेक्षा जेमतेम मोठी. सुईवर ती उलटली तर राजान्नात (अळीला मिळणाऱ्या खास अन्नात) गुदमरते. मराठवाड्यात त्याहून मोठा शत्रू म्हणजे कोरडी हवा. म्हणून खोलीत फरशी ओली ठेवतो, भरलेल्या कपांवर ओले फडके टाकतो आणि चौकट पंधरा मिनिटांत पेटीत जाईल इतकेच कप एका वेळी भरतो.

ही पेटी दहा चौकटींची, तरुण माश्यांनी खच्चून भरलेली आणि राणी काढलेली असते. परागकणांची एक चौकट आणि साखर-पाण्याचा समप्रमाणातला पाक द्यावाच लागतो. तिसाहून जास्त कप दिले की राजान्न वाटले जाते आणि राण्या बारीक निपजतात. एखादी अळी चुकून दोन दिवसांची आली तर तिची राणी आधी बाहेर पडते आणि उरलेली राणीघरे (कपांवर बांधलेली राण्यांची घरे) बाजूने कुरतडून आतल्या राण्या मारते. त्यामुळे ग्राफ्टिंगनंतर दहाव्या दिवशी प्रत्येक राणीघर वेगळ्या छोट्या पेटीत हलवतो. त्याआधीचे तीन-चार दिवस चौकटीला धक्कासुद्धा लागू देत नाही, नाहीतर पंख अधू होतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते नरांकडे. अंडे घातल्यापासून पूर्ण वाढलेला नर घराबाहेर यायला 24 दिवस, वयात यायला आणखी सुमारे 12. राणी मात्र 16 दिवसांत बाहेर येते आणि पुढच्या आठवड्यात उडते. म्हणून नर वाढवण्याचे पोळे आम्ही ग्राफ्टिंगच्या तीन आठवडे आधी लावतो, तेही दुसऱ्या वाणाच्या वसाहतींत. नर जवळच्या नात्यातले असले तर काही अळ्या कामकरी माश्याच खाऊन टाकतात आणि पोळ्यात रिकामी घरे विखुरलेली दिसतात. करडई फुलते तो जानेवारी या कामाला उत्तम. एप्रिल-मेमध्ये माश्यांना फुलांचा चारा नसतो, ऊन चाळिशीपार जाते. तेव्हा आम्ही नव्या राण्या काढत नाही.

अंडी दिसली म्हणून लगेच राणी पाठवत नाही. अळ्यांची घरे झाकणांनी बंद होईपर्यंत थांबतो. कामकरींच्या घरांवरची झाकणे सपाट असली तर राणी चांगली. फुगीर असली तर आत नर आहेत, म्हणजे मीलन नीट झालेले नाही. ती राणी बाद.