शर्यतीच्या दिवशी बादलचं पोट

मे महिन्यात माथेरानच्या ऑलिंपिया मैदानावर घोड्यांच्या शर्यती असल्या की मला खालून वर बोलावतात. जनावरांचा डॉक्टर म्हणून काम ठरलेलं. सकाळी धावणारे घोडे तपासायचे, जो लंगडतोय त्याला यादीतून काढायचं आणि मालकाची बोलणी खायची. बाकी वेळ मांडवात चहा. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही, म्हणून माझी औषधांची पेटीसुद्धा घोड्यावरून वर येते.

त्या दिवशी गाव तुडुंब होतं. अमन लॉज स्टेशनहून येणारी शटल रेल्वे खच्चून भरलेली, बाजारपेठेत लाल धुरळा. इथली जांभ्याची माती सुकली की पांढऱ्या शर्टाची आशाच सोडायची. पर्यटक झाडाखाली उभे राहून शर्यतीचे फोटो काढत होते, पण खरी गर्दी गावकऱ्यांची. वर्षभर दोरी धरून घोड्यापुढे चालणारी पोरं या एका दिवशी त्याच घोड्यावर बसून पळवतात. त्यांच्या आया, आज्या मैदानाच्या कडेला येऊन बसलेल्या असतात आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो.

दुसरी शर्यत सुटायच्या बेतात असताना एक पोरगा धापा टाकत मांडवात आला. "डॉक्टर, बादल लोळतोय. पप्पांनी लगेच बोलावलंय."

बादलला मी सकाळीच तपासला होता आणि तेव्हा तो ठीक होता. हा पोरगाच त्याच्यावर बसून धावणार होता.

तबेल्यात पोचलो तेव्हा बादल उभा होता, पण पुढच्या पायाने जमीन उकरत होता आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होता. अंगाला घाम सुटलेला. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला. ठोके मिनिटाला 60. आरामात उभ्या असलेल्या घोड्याचे 28 ते 44 असतात. हिरड्या चिकट, कोरड्या. पोटाचा आवाज उजव्या बाजूला अधूनमधून, डावीकडे जवळजवळ नाहीच.

"लीद कधी टाकली?"

काका, म्हणजे पोराचे वडील, गप्प. मग पोरगाच म्हणाला, "काल संध्याकाळी. थोडीशीच. खडे होते नुसते."

तोवर तबेल्यात दहा माणसं आणि पंधरा सल्ले जमले होते. एकाने हिंग घातलेलं ताक बाटलीत भरूनच आणलेलं. तोंड वर करून ते ओतायच्या आत मी बाटली काढून घेतली. दुखण्याने कासावीस झालेला घोडा नीट गिळत नाही, ते थेट फुप्फुसात जातं. पोटदुखीतून वाचलेले घोडे असल्या ढोसामुळे न्यूमोनियाने मेलेले मी पाहिलेत. दुसऱ्याचं म्हणणं, थांबू नका, फिरवत राहा. थोडं फिरवणं बरं, लोळायचं थांबतं. तासन्‌तास फिरवून दमवण्यात मात्र काही अर्थ नाही.

गुंगीचं आणि वेदनेचं इंजेक्शन शिरेतून दिलं. तो जरा शांत झाल्यावर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गुदमार्गातून हात घातला. ओटीपोटाजवळ मोठं आतडं जिथे वळतं, तिथे मळलेल्या कणकेसारखा घट्ट गोळा हाताला लागला. त्या वळणाला नळी अरुंद होते, म्हणून कोरडा चारा नेमका तिथेच तुंबतो. पीळ पडलेला नव्हता. मला तेवढं पुरेसं होतं.

मग नाकातून नळी. घोड्याला उलटी होत नाही. जठर भरलं तर वाट मिळत नाही आणि ते फुटू शकतं. म्हणून आधी नळीने आतलं काही बाहेर येतंय का ते पाहायचं, मगच काही आत घालायचं. बाहेर काही आलं नाही. दोन लिटर लिक्विड पॅराफिन सोडलं, मागोमाग मीठ घातलेलं कोमट पाणी. आणखी बरंच पाणी लागणार होतं, आणि माथेरानात मे महिन्यात पाणी मागणं म्हणजे जीभ चावूनच मागायचं. शार्लोट तलाव उतरलेला असतो आणि उरलेलं पाणी खाली उल्हास नदीवरून पंपाने चढवलेलं. तरी शेजारच्या लॉजवाल्या वहिनींनी गॅसवरचं मोठं पातेलं तसंच पाठवलं. न्याहारीची भांडी घासायला तापवलेलं होतं म्हणे.

पोराला मी ठोके मोजायला शिकवलं. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवायचं आणि मोबाइलवर मिनिट लावायचं. तो शर्यतीच्या पत्रिकेच्या पाठीमागे आकडे लिहीत बसला. मैदानावरून लाउडस्पीकर ऐकू येत होता. त्यात बादलचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याने मान वर केली नाही. 56 लिहिलं.

काकांना बाजूला घेऊन सांगितलं, संध्याकाळपर्यंत ठोके उतरले नाहीत तर मुंबईला, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्यावं लागेल. माणसासाठी इथे ॲम्ब्युलन्स आहे. घोड्याने मात्र पोट दुखत असताना दस्तुरीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालायचं, तिथे टेम्पोत चढायचं आणि मग नेरळचा घाट उतरायचा. काकांनी कोणाला तरी फोन केला. टेम्पो दस्तुरीला येऊन थांबला.

लोक विचारतात, शर्यतीमुळे घोड्यांचे हाल होत नाहीत का? लंगडा घोडा धावायला लावला तर होतात, त्यासाठीच मी मांडवात असतो. पण माझ्या हिशेबात शर्यतीची धाव काही मिनिटांची. बादलचं पोट तुंबलं ते आधीच्या आठवड्यात. सीझनमध्ये दस्तुरी ते बाजार, बाजार ते पॉइंट अशा फेऱ्या सकाळपासून, मधे उतारू वाट पाहतोय म्हणून पाणी नाही, रात्री सुकं गवत आणि कोंडा. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, पर्यटक आटतात, आणि त्या चार महिन्यांचा चारा मे महिन्यातच कमवायचा असतो. काका निर्दयी नाहीत. रात्री घोड्याची मालिश करून मगच जेवणारा माणूस आहे. पण वाटेत हौद नाही म्हटल्यावर नऊ फेऱ्यांची दहावी करायला कोण नाही म्हणेल?

चारच्या सुमाराला पत्रिकेवर 48 आला. डावीकडे पोट गुडगुडायला लागलं. पुन्हा नळी, पुन्हा पाणी. मैदानावर बक्षीस समारंभ उरकला आणि जिंकलेला पोरगा गळ्यात हार घेऊन सरळ तबेल्यातच आला. त्याच्यामागे अर्धं गाव.

रात्री साडेआठला बादलने शेपूट उचलली. आधी खडे, मग तेलकट, चमकणारी लीद. एवढा आरडाओरडा शर्यतीलाही झाला नसेल. काकांनी ती हातात घेऊन पाहिली, वास घेतला आणि लॉजवाल्या वहिनींना दाखवायला निघाले. त्यांना मोठ्या मुश्किलीने थांबवलं.

टेम्पोवाल्याला परत पाठवलं. त्याने भाडं घेतलं नाही, फक्त डिझेलचे पैसे घेतले.

सकाळी ठोके 40. मी सांगितलं, पाच दिवस खोगीर नाही. चणे बंद, गवत भिजवून द्यायचं, पाण्याची बादली दिवसभर पुढ्यात.

"पाच? सीझन आहे डॉक्टर. तीन करा."

"पाच."

"चार तरी. शनिवार-रविवार येतोय."

स्टँडवरचा एक म्हातारा अश्वपाल दारात बसून बिडी ओढत होता. तो म्हणाला, "शनिवारी याच्या नंबरावर माझी घोडी लाव. पैसे अर्धे अर्धे." काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, पाच," म्हणाले आणि बादली भरायला गेले.

पोराने पत्रिका मला दाखवली. बादलच्या नावापुढे छापलेला शर्यतीचा नंबर त्याने खोडला होता आणि तिथे 40 लिहिलं होतं. पेटी घोड्यावर चढवली. जाता जाता आयोजकांना गाठून म्हटलं, पुढच्या वर्षी मांडव लहान घाला पण मैदानाला आणि दस्तुरीच्या वाटेवर दोन हौद बांधा. ते म्हणाले, बघू, नगरपरिषदेला पत्र देतो. पत्राचा मसुदा मीच तिथे बसून लिहून दिला.