काळ्या मनुक्यांचा रस

पाळकाच्या घरात महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीने पाव आणि द्राक्षाचा रस घेण्याचा, प्रभुभोजनाचा दिवस, शनिवारीच सुरू होतो, आणि तोही स्वयंपाकघरात. काळे मनुके आदल्या रात्री भिजत घातलेले असतात, ते सकाळपर्यंत टम्म फुगतात. मग मंद आचेवर उकळायचे, डावाच्या पाठीने चेपायचे आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचे. फार पिळायचं नाही, नाहीतर रस गढूळ होतो. साखर घालायची की नाही यावर आमच्याकडे पूर्वी चर्चा व्हायची. हल्ली होत नाही, कारण ‘घालायची नाही’ असं ठरवणारी व्यक्तीच फडकं धरून उभी असते आणि मी फक्त पातेलं धरतो.

आमच्या प्रभुभोजनाच्या प्याल्यात मद्य नसतं, याचं श्रेय एका दाताच्या डॉक्टरला जातं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावचा थॉमस वेल्च हा पक्का मेथडिस्ट, म्हणजे आमच्याच प्रोटेस्टंट पंथाचा. प्रभूच्या मेजावर दारू ठेवायची हे त्याच्या मनाला पटेना. पाश्चरने नुकत्याच दाखवून दिलेल्या युक्तीने त्याने 1869 साली द्राक्षाचा रस बाटलीत तापवला आणि तो आंबणं थांबवलं. गंमत म्हणजे मंडळ्यांनी सुरुवातीला त्याला फारशी दाद दिली नाही. पुढे त्याच्या मुलाने दवाखाना सोडून याच रसाचा मोठा धंदा उभा केला. या पंथाचा पाया घालणाऱ्या खुद्द जॉन वेस्लींनी मात्र प्रभुभोजन घेतलं ते मुरलेल्या द्राक्षारसाचंच, आणि त्यांच्या विश्वासाला त्याने काही बाधा आल्याचं ऐकिवात नाही. हे मी वेदीवरून सांगत नाही.

मागे आमच्या खजिनदारांनी सुचवलं, “पाळकसाहेब, खोक्यातला तयार रस मिळतो. पाळकीणबाईंना त्रास कशाला?” मला ते कसंसंच वाटलं. घरच्या रसाचं पावित्र्य, परंपरा वगैरे मुद्दे मी मनातल्या मनात जुळवत होतो, तेवढ्यात पाळकीणबाई म्हणाल्या, “आणा की. मला तेवढाच एक शनिवार मोकळा मिळेल.” विषय कमिटीपुढे गेला आणि कमिटीच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. अजून तिथेच आहे.

रसाचं झालं की पाव. कडा काढून त्याचे छोटे चौकोन कापायचे, हे काम मुलांकडे. कापलेल्या कडा दुपारी कांदा, मिरची, कढीपत्त्यावर परततात. या कडांवर कोणताही विधी झालेला नसतो, त्यामुळे खायला हरकत काहीच नाही. तरी धाकट्याने एकदा विचारलं, “बाबा, मधला पाव पवित्र होणार आणि कडा नाही, असं कसं?” ईश्वरविज्ञानाच्या परीक्षेला हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “आधी खा.”

रविवारी सकाळची पाळकाच्या घरातली धांदल ज्याने पाहिली नाही, त्यालाच पाळकाचं घर म्हणजे शांतीचं आगर वाटतं. गळपट्टीचा कॉलर सापडत नाही, इस्त्री एकच, न्हाणीघर एकच. मुलीला नेमकी त्याच दिवशी तिसऱ्यांदा वेणी घालायची असते. कुणीतरी कुणालातरी बोलतं, बहुधा मीच. मग अर्ध्या तासाने मी झगा घालून मंडळीसमोर उभा राहतो आणि प्रभुभोजनाचं आमंत्रण वाचतो: ज्यांना आपल्या पापांचा खरा पश्चात्ताप झाला आहे आणि जे शेजाऱ्यांशी प्रीतीने वागतात, त्यांनी जवळ यावं. शेजारी या शब्दाशी माझी नजर दरवेळी दुसऱ्या बाकावर जाते. तिथे बसलेल्या बाई त्या क्षणी गीतांच्या पुस्तकात फारच मन लावून काहीतरी शोधत असतात.

मग लोक कठड्याशी येऊन गुडघे टेकतात. मला वरून चेहरे दिसत नाहीत. टाळू दिसतात, पदर दिसतात आणि पुढे केलेले तळवे. पाळकाला आपली मंडळी तळव्यांवरून ओळखता येते. एका तळव्याला ग्रीसचा काळा डाग आहे, तो कितीही घासला तरी रविवारपर्यंत निघत नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या बहिणीचे तळवे धुऊन धुऊन पांढुरके, चिरलेले. एका आजोबांचा हात थरथरतो; तिथे पाव नुसता ठेवून चालत नाही, त्यांची बोटं मिटवावी लागतात. एका रांगेत माझ्या मुलाचा तळवा येतो, बॉलपेनने लिहिलेल्या गणिताच्या सूत्रासकट. त्याच्या शेजारी त्याच्या आईचा, मनुक्यांनी नखं किंचित जांभळी झालेला. त्यात पाव ठेवताना “हे तुझ्यासाठी दिलेलं आहे” असं म्हणावं लागतं. सकाळी इस्त्रीवरून काय झालं त्याचा उल्लेख त्या वाक्यात नाही. पण त्यानंतर आमच्यात माफी मागायला फारसं काही उरतही नाही.

जॉन वेस्लींच्या आई सुझॅना यांची एक हकिगत मला यासाठीच फार आवडते. या बाई पाळकाची मुलगी, पाळकाची बायको, पाळकांची आई. एकोणीस बाळंतपणं, त्यातली नऊ मुलं तान्हेपणीच गेली. उरलेल्यांना घरी शिकवलं. आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाला ठरवून दिलेली; जॉनची गुरुवारची, चार्ल्सची शनिवारची. नवरा लंडनला गेला की रविवारी संध्याकाळी घरातच उपासना घ्यायच्या, आणि त्याला दोनशेच्या वर माणसं लोटायची. बदली पाळकाने तक्रार केली, नवऱ्याने पत्र पाठवलं. बाईंनी उत्तर दिलं, ते थोडक्यात असं: बंद करावं असं ‘वाटतं’ म्हणू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवासमोर जबाबदारी तुमची. हुकूम काही आला नाही.

तर अशा या बाईंना, सत्तरीच्या उंबरठ्यावर, 1739 साली प्रभुभोजन घेताना पहिल्यांदा मनातून खात्री पटली की आपली क्षमा झाली आहे. प्याला कुणाच्या हातून आला? जावयाच्या, वेस्टली हॉलच्या. या गृहस्थांनी सुझॅनांच्या एका मुलीला गुपचूप लग्नाचा शब्द दिला, मग तिच्या धाकट्या बहिणीच्या मागे लागले, परत फिरून पहिलीशीच लग्न केलं आणि पुढे तिलाही टाकून दुसऱ्या बायकांकडे गेले. असला जावई कोणत्याही सासूने उंबऱ्यातून परत पाठवला असता. पण प्याला त्याच्या हातात होता आणि त्यातून जे मिळायचं ते बाईंना मिळालं. रविवारी झगा अंगावर चढवताना मला धीर येतो तो वेस्लींच्या प्रवचनांपेक्षा या जावयामुळे जास्त.

वेस्ली स्वतः संसाराच्या बाबतीत आमच्या घरी फारसे लोकप्रिय नाहीत. 1751 साली लग्न केलं आणि लगेच रोजनिशीत लिहून ठेवलं, की लग्न झालं म्हणून एखादं प्रवचन कमी द्यावं किंवा एक दिवस कमी प्रवास करावा, हे मेथडिस्ट प्रचारकाला देवापुढे कसं शोभेल ते मला कळत नाही. वीस वर्षांनी बायको घर सोडून गेली तेव्हा त्यांनी लॅटिनमध्ये नोंद केली: मी तिला सोडलं नाही, घालवलं नाही, परत बोलावणार नाही. हे मी एकदा जेवताना वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “लॅटिनमध्ये कशाला लिहिलं? तिला कळू नये म्हणून?” धाकटे भाऊ चार्ल्स बरे. त्यांनी बायकापोरांत राहून सहा हजारांवर गीतं लिहिली आणि पुढे पुढे प्रचारासाठी घोड्यावरून गावोगाव फिरणं बरंच कमी केलं.

त्या घोड्याची शेपूट मात्र अजून आमच्या हातात आहे. मेथडिस्ट पाळक एका गावचा नसतो. कॉन्फरन्स, म्हणजे पंथाची मोठी सभा, भरते, शेवटी बिशपसाहेब नेमणुका वाचतात, आणि नाव आलं की भांडीकुंडी बांधायची. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा एका गावी, शाळेत नाव दुसऱ्या गावी, पहिली मैत्रीण तिसऱ्या. तिचा बाप्तिस्मा मीच केला. पित्याने मूल पुढे आणायचं आणि पाळकाने ते हातात घ्यायचं, अशा दोन्ही जागांवर मी एकटाच असल्यामुळे थोडी पंचाईत झाली. शेवटी आजीने तिला माझ्याकडे दिलं. पाणी पडताच तिने माझा चष्मा ओढला. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करू नये, त्यांना काय कळतं, असं म्हणणारे बंधू मला भेटत असतात. मला तरी त्या दिवशी काय कळत होतं?

मुंबईत मेथडिस्टांचं काम सुरू झालं तेही दिवाणखान्यांतून. 1871 च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर आले. मराठी शिकून वर्षानुवर्षं अत्यंत साधेपणाने मुंबईत राहिलेले मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. चर्चच्या इमारती नंतर आल्या. आधी लोकांच्या घरांत लहान लहान गट जमत, एकमेकांची विचारपूस होई, प्रार्थना होई. आमच्याकडे आता त्याचं उरलंय ते रात्रीच्या जेवणानंतरची कौटुंबिक प्रार्थना. ती क्रिकेटच्या सामन्याआधी घ्यायची की नंतर, यावर रोज नवा करार होतो. एक गीत, पाच-सहा वचनं, आणि आळीपाळीने प्रार्थना. माझी पाळी आली की धाकटा उशीला टेकतो. मुलगी फक्त परीक्षेच्या काळात भक्तिमान असते. बायको आधी आजाऱ्यांची नावं घेते, मग मंडळीतल्या ज्यांच्याशी माझं वाजलंय त्यांची. ही यादी तिला कोण देतं देव जाणे.

परवा पाळी धाकट्याची होती. कॉन्फरन्स तोंडावर आलेली. डोळे घट्ट मिटून तो म्हणाला, “हे प्रभो, यंदा बिशपसाहेबांना चांगली बुद्धी दे, आणि जिथे पाठवतील तिथे दोन न्हाणीघरं असू दे.” आमेन सर्वांत मोठ्याने कोण म्हणालं, हे माझ्याने सांगवत नाही, झगा घालणाऱ्याला तसं उघड मागता येत नाही.