ईआरचा सहावा सीझन आणि वेळेत न आलेला सायकचा कॉल

स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगते. ईआर ही शिकागोतल्या एका इमर्जन्सी विभागावरची अमेरिकन मालिका १९९४ला सुरू झाली आणि २००९ला संपली, तरी कुणाला कोरं बघायचं असेल तर इथेच थांबा आणि बघून झाल्यावर या.

मी ईआरकडे आले ती द पिटमुळे. २०२५मध्ये द पिट ही हॉस्पिटलचीच मालिका आली, त्यातला डॉ. रॉबी म्हणजे नोआ वायली, आणि तोच माणूस तरुण असताना ईआरमध्ये जॉन कार्टर होता हे कळल्यावर मला राहवेना. पंधरा सीझन आहेत, तीनशेच्या वर एपिसोड. सुरुवातीची काही वर्षं जॉर्ज क्लूनी आहे त्यामुळे लोक त्या सीझनबद्दलच बोलतात, पण माझ्या मते ईआरचा खरा सीझन सहावा. १९९९च्या शेवटी सुरू झाला आणि मे २०००मध्ये संपला. क्लूनी तोवर गेलेला आहे, नर्स कॅरोल हॅथवे जुळ्यांची आई होते आणि सीझनच्या शेवटाकडे तीही जाते, डॉ. मार्क ग्रीनचे वडील कॅन्सरने जातात, आणि त्याच वेळी लुका कोवाच येतो, अ‍ॅबी येते, डॉ. चेन परत येते. म्हणजे सतत कुणीतरी नवीन आणि कुणीतरी निघालेलं, आणि शिकागोच्या त्या सरकारी हॉस्पिटलात गर्दी तेवढीच. कधी बेड नाही, कधी हात मोकळे नाहीत. ज्याचं कुणी सरकारी हॉस्पिटलात काम करतं त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल.

माझी मावसबहीण मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलात मेडिसिनची रेसिडेंट आहे. कुठलं ते लिहीत नाही. सुट्टी मिळाली की आमच्याकडे लालबागला येते, जेवते, झोपते, आणि उठल्यावर आम्ही ईआर बघतो. तिला हॉस्पिटलच्या मालिका आवडत नाहीत, डॉक्टर सगळं एकटेच करतात, सीपीआरचे हात चुकीचे असतात वगैरे, पण ईआर तिने लावून धरली. मायकल क्रायटन स्वतः डॉक्टरकी शिकलेला होता आणि मूळ स्क्रिप्ट त्याने १९७४मध्येच लिहून ठेवलं होतं, हे मी सांगितल्यावर म्हणाली, ‘तरीच, ताई. ह्याने ड्युटी केलेली आहे.’

आता लूसी. लूसी नाइट, मेडिकल स्टुडंट, केली मार्टिनने केलीय. पाचव्या सीझनमध्ये येते तेव्हा बुजरी असते, कार्टरच्या हाताखाली शिकते, दोघांचं जमतही नाही आणि तुटतही नाही. सहाव्यात ती उभी राहते. ख्रिसमसच्या एपिसोडमध्ये एका तरुण पेशंटचं हार्ट फेल होत असतं आणि तिला हार्ट पंप बसवायला सर्जन हवा असतो, तर लूसी ख्रिसमसच्या आदल्या रात्री थेट डॉ. रोमानोच्या घरी जाऊन धडकते. रोमानो म्हणजे हॉस्पिटलमधला सगळ्यात तुसडा माणूस, ज्याच्यासमोर सीनियर लोकही जपून बोलतात. आणि ही स्टुडंट त्याच्या दारात उभी राहून त्याला सुनावते, आणि तो येतो. हा सीन नीट लक्षात ठेवा.

मग फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइन डेचा एपिसोड. पॉल सोब्रिकी नावाचा लॉ शिकणारा मुलगा डोकेदुखी घेऊन येतो. लूसी त्याची केस घेते, पाठीतून पाणी काढून तपासते, आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की हे मेंदूज्वराचं काही नाही, ह्याचं बोलणं बिनसतंय, ह्याला संशय येतायत, ह्याला सायकिअ‍ॅट्रीने, म्हणजे मानसोपचारवाल्यांनी, बघायला हवं. ती कॉल देते. सायकवाले लवकर येत नाहीत. कार्टर कामात बुडालेला, तिच्यावर वैतागलेला, तो तिला धड वेळ देत नाही. स्टाफची पार्टी सुरू होते, म्युझिक मोठं होतं. कार्टर त्या खोलीत जातो, लाइट बंद, आणि पाठीत सुरा बसतो. तो खाली कोसळतो आणि जमिनीवरून त्याला पलीकडे दिसतं की लूसीही पडलीय, रक्तात. एपिसोड संपतो.

इथे मावसबहिणीने पॉज केलं होतं. पण सुऱ्याच्या सीनला नाही, त्याच्या बऱ्याच आधी, सायकचा कॉल गेला आणि कुणी आलं नाही तेव्हा. म्हणाली, ‘आता हिला कुणीतरी खोलीतून बाहेर काढायला हवं.’ मला काहीच कळलं नव्हतं, मला ती नुसती एक केस वाटत होती. तिला मात्र खोली दिसत होती. दार कुठेय, पेशंट कुठे बसलाय, लूसी दाराच्या बाजूला आहे की आतल्या. नंतर मला कळलं की ती स्वतः ड्युटीवर आयडी कार्ड गळ्यात लेसने घालत नाही, क्लिपने खिशाला लावते, कारण लेस धरून ओढता येते. स्टेथोस्कोपही गळ्यात नसतो, एप्रनच्या खिशात असतो. हे तिला कॉलेजात शिकवलेलं नाही, सीनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

मला ह्या सीझनचं सगळ्यात जास्त काय पटलं तर हेच, की तो हल्ला आकाशातून पडत नाही. मालिकेने तो छोट्या छोट्या गोष्टींनी रचत आणलाय, एक कॉल उशिरा, एक सीनियर वैतागलेला, एक ज्युनियर एकटी, एक दार बंद आणि गाण्यांचा आवाज. ह्यातली एकही गोष्ट गुन्हा नाही आणि ह्यातली प्रत्येक गोष्ट रोज घडते. आणि पॉललाही खलनायक केलेलं नाही, तो आजारी आहे, स्किझोफ्रेनिया आहे, बरोबरची बायको घाबरलेली आहे, पुढे एका सीझनमध्ये तो औषधांवर नीट झालेला परतही दिसतो. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत, ह्याला वेळेत योग्य माणूस भेटला असता तर ह्यानेही उचलला नसता, असंच तो एपिसोड बघताना वाटत राहतं.

पुढचा एपिसोड, ऑल इन द फॅमिली, मी एकदाच बघू शकले. इमर्जन्सीची प्रमुख डॉ. केरी वीव्हर, तिला दोघं सापडतात आणि मग जे धावतात ते सगळे त्यांचेच लोक. बेंटन, कॉर्डे, रोमानो, तिघंही सर्जन. लूसीला बोलता येत नाही, तरी ती कॉर्डेला ओठांनी थँक यू म्हणते. आणि मग श्वास लागतो तेव्हा स्वतःचं निदान स्वतःच करते, पीई, म्हणजे रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलीय. शिकत होती ते ती शेवटपर्यंत करत राहते. ती जाते तेव्हा रोमानो हत्यारांचा ट्रे भिरकावून देतो. ख्रिसमसला जिने दार ठोठावलं होतं ती ही, हे कुणी बोलून दाखवत नाही, तुम्हाला आठवावं लागतं.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे, मारणारा बहुतेक वेळा पेशंट नसतो, नातेवाईक असतात. मार्च २०१७मध्ये धुळ्यात एका रेसिडेंटला इतकं मारलं की डोळा गेला, पाठोपाठ मुंबईत सायनला मारहाण झाली आणि राज्यभरातले रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले, प्रकरण हायकोर्टात गेलं. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, तेव्हा मार्डने, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेने, पुन्हा संप केला. कायदा आहे, महाराष्ट्राने २०१०मध्येच केलाय, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण रात्री दोनला कॅज्युअल्टीत कायदा उभा नसतो, फर्स्ट इयरची मुलगी उभी असते. नातेवाईक पालघरहून, कल्याणहून दोन-तीन ठिकाणी फिरून आलेले, प्रत्येक ठिकाणी बेड नाही म्हणून पुढे पाठवलेले, त्यांच्या रागाला पहिला चेहरा दिसतो तो तिचा. बेड किती असावेत हे तिच्या हातात नाही, औषध बाहेरून आणायला का लागतंय हेही नाही. केस पेपर तेवढा तिच्या हातात असतो. मला त्या नातेवाइकांचंही कळतं, मी स्वतः तशा रांगेत उभी राहिलेय. तरीही मारणं ते मारणंच. वॉर्डाच्या दारात रात्री दोन सिक्युरिटीवाले, पेशंटबरोबर एकच नातेवाईक, आणि ज्युनियरने हाक मारली की उतरून येणारा सीनियर, एवढं तरी मिळायला हवं की नको?

सीझनचा उरलेला भाग लोकांना रेंगाळलेला वाटतो म्हणे. मला उलट तो सगळ्यात प्रामाणिक वाटला. इतर मालिकांत पुढच्या आठवड्यात हिरो बरा होऊन कामावर. इथे कार्टर कामावर येतो आणि बरा झालेला नसतो. पाठ दुखते, पेनकिलर वाढत जातात, चिडचिड वाढते, आणि सगळ्यांना वाटतं की बिचारा, सोसलंय त्याने, चालायचंच. मग अ‍ॅबी त्याला मनगटात इंजेक्शन घेताना बघते. शेवटच्या एपिसोडमध्ये सगळे त्याला समोर बसवतात की उपचाराला जा नाहीतर नोकरी सोड, तो निघून जातो, बेंटन मागे धावतो, कार्टर त्याला ठोसा मारतो आणि मग तिथेच कोसळून रडतो. आणि बेंटन, ज्याने इतकी वर्षं त्याला कधी धड शाबासकी दिली नाही, तो त्याच्याबरोबर विमानात बसून अटलांटापर्यंत जातो. एरिक ला सालने हे जवळजवळ न बोलता केलंय. मावसबहीण म्हणाली, आमच्या युनिटला असा एक माणूस असता तर माझी बॅचमेट सोडून गेली नसती. त्यावर मी काही विचारलं नाही.

कॅरोलचा निरोप आणि क्लूनीचं अचानक दिसणं सुंदर आहे पण ते वेगळ्याच मालिकेतलं वाटतं, पॉल आणि लूसीनंतर तलावाकाठचं घर पचत नाही. आणि नवीन आलेल्या डॉ. क्लीओ फिंचला लेखकांनी काही करायलाच दिलं नाही, ह्याचा मला राग आहे.

बघायचं असेल तर थेट व्हॅलेंटाइनवर उडी मारू नका, पाचव्यात लूसी येते तिथून सुरू करा. आम्ही सातवा लावलाय. कार्टर परत येतो आणि वीव्हर त्याला अटी घालते, इथवर आलोय, आणि मावसबहिणीची इमर्जन्सी ड्युटी संपेपर्यंत पुढचा बघायचा नाही अशी मला ताकीद आहे.