हलकी मॅग्नम बाद, आता शोध तीन इंची नळीचा

रोज अंगावर बाळगायच्या रिव्हॉल्व्हरच्या माझ्या यादीतून हलकी बाद झाली. मागच्या नोंदीत तीन उमेदवार उरले होते: बारा औंसांच्या आसपासची हलकी, सतरा औंसांची रुगर एलसीआर आणि पंचवीस-सव्वीस औंसांची पोलादी रुगर एसपी१०१. तिघी .३५७ मॅग्नम काडतुसाच्या, तिघी पाच गोळ्यांच्या. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात हाफ पँटच्या खिशात घालायला हलकीसारखं सुख नाही, हे तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. पण शनिवारी रेंजवर तिच्या चार गोळ्या सुटल्या आणि पाचवीला ट्रिगर जागचा हलेना.

बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडे, तसाच थांबलो आणि रेंज ऑफिसरला खूण केली. सिलिंडर उघडायलासुद्धा अंगठ्याने चांगला दाब द्यावा लागला. पाचव्या काडतुसातली शिशाची गोळी पुंगळीतून पुढे सरकून सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावत होती आणि तिचं नाक फोर्सिंग कोनच्या (नळीच्या मागच्या तोंडाच्या) कडेला टेकलं होतं. तिथे सिलिंडर फिरणारच नाही.

क्रिंप जंप, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या पुंगळीच्या दुमडलेल्या तोंडातून (क्रिंपमधून) गोळी पुढे सरकणं. आपल्यातल्या जुन्यांना नवीन नाही, पण वाचणं वेगळं आणि हातात अडकणं वेगळं. धक्क्यासरशी रिव्हॉल्व्हर मागे फेकलं जातं. उरलेल्या पुंगळ्यांच्या कडा धरलेल्या असतात, त्यामुळे त्या बरोबर मागे जातात. गोळी मात्र जागीच राहू पाहते. एसटी एकदम सुटली की उभा माणूस मागे पडतो, तेच. पुंगळीतून गोळी उपसायला बाकावर हातोड्यासारखा आपटायचा बुलेट पुलर आपण सगळे वापरतो, त्याचं तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच की इथे रिव्हॉल्व्हरच पुलर होतं. पहिल्या गोळीला एकही धक्का बसत नाही, पाचवीला चार बसतात, म्हणून अडकते ती नेहमी शेवटची.

मला यात सगळ्यात जास्त लागलं ते हे की रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण इथे मातीत जातो. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढचं समोर येतं. पिस्तुलवाल्यांना मॅगझिनवर थाप मारून स्लाइड ओढावी लागते, आपल्याला काहीच करावं लागत नाही. क्रिंप जंपला हा इलाज चालत नाही, कारण फिरणारा भागच बंद पडलेला असतो. जीव वाचवायला कमरेला लावलेल्या वस्तूत हा दोष मला चालणार नाही.

मग घरी बसून पद्धतशीर मोजणी सुरू केली. पाच काडतुसं घ्यायची, पाचव्याची लांबी डिजिटल व्हर्नियरने मोजायची, गोळी आणि पुंगळीच्या सांध्यावर मार्करची बारीक रेघ ओढायची, चार झाडायची आणि पाचवं काढून पुन्हा मोजायचं. .३५७ ची कमाल लांबी १.५९० इंच, त्यामुळे तिथून पुढे किती जागा उरते ते प्रत्येक सिलिंडरवर आधी बघून ठेवलं. ज्या पेटीने दगा दिला ती एका लहान कारखान्याची, १५८ ग्रेन (हे गोळीच्या वजनाचं माप), मऊ शिसं, क्रिंप नुसता नावापुरता. हलकीत तिची पाचवी गोळी पन्नास थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढे आली. मोठ्या कंपनीची १५८ ग्रेन, तांब्याच्या आवरणाची, कॅनल्युअरमध्ये (गोळीवरच्या खाचेत) नीट दुमडलेली गोळीसुद्धा पंधरा-वीस थाऊ सरकली. स्पीअरची १३५ ग्रेन गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल मात्र मोजण्याइतकीही हलली नाही. त्या काडतुसाबद्दल माझं मत आधीपासून चांगलं होतं, आता पक्कं झालं.

मग तीच पेटी एसपी१०१ मध्ये घातली. तीच मऊ शिशाची, नावापुरत्या क्रिंपची. व्हर्नियर दोन थाऊ दाखवतो, म्हणजे मोजण्यातल्या चुकीएवढं. एलसीआर अधेमधे, पण अडकण्यापासून बरीच लांब.

याचा हिशेब साधा आहे. तेच काडतूस, तोच संवेग. वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते आणि मागे येण्याचा वेगही दुप्पट. १९३५ साली स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम बाजारात आणलं ते चाळीस औंसांच्या वरच्या मोठ्या फ्रेमसाठी. .३८ स्पेशलची पुंगळी साधारण एक अष्टमांश इंच लांब केली, ती मुद्दाम, म्हणजे जुन्या कमकुवत .३८ मध्ये कुणी हे काडतूस कोंबू नये. ज्यांनी एवढी काळजी घेतली त्यांच्यासमोर बारा औंसांची चौकट नव्हती. धातुशास्त्राने फ्रेम आणि सिलिंडर तो दाब सोसतील इतके पुढे नेले, पण पुंगळीच्या तोंडाची पकड होती तिथेच आहे.

हातभरणीने (घरी स्वतः काडतुसं भरून) प्रश्न सुटतो का, यावर बराच वेळ गेला. माझ्याकडे ली चा कॉलेट क्रिंप डाय (क्रिंप दुमडायचा साचा) होता. डॅलसच्या एका मित्राने रेडिंगचा प्रोफाइल क्रिंप डाय वापरायला दिला. दोन्हींची तुलना आता मनापासून सांगतो: रेडिंग. किंमत जास्त आहे, पण गोळी बसवणं आणि दुमडणं या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्या की रेडिंगचा रोल क्रिंप सगळीकडून सारखा येतो, पुंगळ्यांची लांबी आधी छाटून एकसारखी केली असेल तर. ही अट सोडू नका. लांबी कमीजास्त असली की एका पुंगळीला घट्ट आणि दुसरीला सैल क्रिंप बसतो, आणि नेमकी सैलवालीच पाचव्या घरात येते. आणखी एक, क्रिंप वाढवत नेणं हा उपाय नाही. एका मर्यादेपुढे पुंगळीची भिंत फुगते आणि गोळीवरची मूळ पकडच ढिली होते. मी मुद्दाम तसे नमुने करून मोजले. जास्त दाबलेले जास्त सरकले.

चांगल्या क्रिंपने १५८ ग्रेनची सरक आठ-दहा थाऊवर आली. त्या संध्याकाळी फार आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण दुसऱ्या दिवशी विचार केला: सरावाला हातभरणी ठीक, रोज अंगावर वागवायला मी कारखान्याचंच काडतूस वापरणार. म्हणजे हलकीसाठी मला एकाच जातीच्या पेटीवर अवलंबून राहावं लागेल. वजनदार गोळी सरकते. हलकी गोळी वापरावी तर टायटॅनियम सिलिंडरच्या या वर्गात १२० ग्रेनच्या खालचं मॅग्नम वापरू नका असं नळीवरच कोरलेलं असतं, कारण त्या काडतुसांची तप्त पावडर सिलिंडरचं तोंड खाते. मधली वाट अगदी अरुंद. २०२०-२१ चा काडतुसांचा दुष्काळ आठवा. तेव्हा दुकानात जे मिळेल ते घ्यावं लागत होतं. मिळेल ते पचवणारं रिव्हॉल्व्हर मला हवंय. आणि तळहाताला सोसत नाही म्हणून सरावच कमी होतो, ही गोष्ट वेगळीच. ज्याचा सराव होत नाही ते वागवण्यात अर्थ नाही, हे आपल्या गटातले काका पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत.

आता एसपी१०१ बद्दल, कारण तिथे खरंच चांगली बातमी आहे. ए-झूमच्या स्नॅप कॅप (खोटी काडतुसं) घालून रोज रात्री थोडा ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर ओढायचा सराव) चालू ठेवला होता. सुरुवातीला ट्रिगरनेच हॅमर मागे नेऊन सोडणाऱ्या डबल अ‍ॅक्शनची ओढ वाळूतून ओढल्यासारखी खरखरीत होती, ती आता गुळगुळीत झाली आहे. स्प्रिंगला हात लावला नाही. हलक्या मेनस्प्रिंगचा मोह सगळ्यांना होतो, पण कडक प्रायमरवर हॅमरचा घाव कमी पडला तर मिळवलं काय? रुगरला साइड प्लेट (चौकटीच्या बाजूची उघडणारी पट्टी) नाही, ट्रिगरचा पूर्ण गट खालून निघतो, त्यामुळे साफसफाईही मनासारखी होते. १४८ ग्रेनच्या सपाट तोंडाच्या वॅडकटर गोळीने सात यार्डांवर, सगळं डबल अ‍ॅक्शन, पाचही भोकं तळहाताखाली झाकली गेली. तो कागद मी जपून ठेवलाय.

पुढचा मुद्दा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पटणार नाही. स्पीअरच्याच आकड्यांनुसार १३५ ग्रेनची शॉर्ट बॅरल गोळी .३८ प्लस पी (जास्त दाबाचं .३८ स्पेशल) मध्ये दोन इंची नळीतून सेकंदाला ८६० फूट जाते, .३५७ मध्ये ९९०. म्हणजे एवढा भडका, एवढा आवाज आणि एवढा धक्का सोसून वाढतात १३० फूट. लांब नळीत मॅग्नमचा फरक मोठा असतो. इथे बरीचशी पावडर नळीबाहेर जळते. म्हणून रोजच्या पाच गोळ्या .३८ प्लस पी, हा निर्णय झाला. मग मॅग्नम घ्यायचंच कशाला, हा प्रश्न येतोच. माझं उत्तर: मॅग्नमसाठी बांधलेली पोलादी चौकट .३८ प्लस पी आयुष्यभर पचवते, दोन्ही जातींची पेटी चालते आणि ते जास्तीचं वजन हाताच्या बाजूने काम करतं. फक्त .३८ झाडून झालं की सिलिंडरच्या घरात काजळीचं कडं जमतं, ते ब्रशने घासून काढा. नाहीतर त्यावर .३५७ ची लांब पुंगळी अडकते.

आतापर्यंतचा बेत असा होता: एसपी१०१, सव्वादोन इंची नळी, अपेंडिक्सला (पोटाच्या पुढे पट्ट्यात) कडक प्लॅस्टिकचं कायडेक्स होल्स्टर, खिशात पाचही काडतुसं एकदम भरायचा एचकेएस ३६-ए स्पीडलोडर. पण वरचा वेगाचा हिशेब मांडतानाच डोक्यात आलं की पोलाद कमरेलाच लावायचं ठरलं, खिसा सुटलाच, तर मग दोन इंचांचा हट्ट कशासाठी? खिशातून निघताना नळीची लांबी आडवी येते. कमरेला तीन इंच आणि दोन इंच यांत फारसा फरक पडत नाही, उलट लांब नळी पट्ट्याखाली गेल्याने मूठ बाहेरच्या बाजूला कलंडत नाही. जाडी सिलिंडरची असते आणि ती तशीच राहते. शिवाय तीन इंचीत पुंगळ्या बाहेर ढकलणारा इजेक्टर रॉड लांब मिळतो. छोट्या रॉडने पुंगळ्या पूर्ण बाहेर पडत नाहीत. मॅग्नमच्या लांब पुंगळ्या तर घराच्या तोंडाशी लटकून राहतात आणि बोटांनी वेचाव्या लागतात. वेग वाढतो, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढतं, भडका कमी होतो.

म्हणून यादी पुन्हा उघडली आहे. तीन इंची एसपी१०१ पहिली. किंबर के६एस दुसरी: सहा गोळ्या आणि तरीही सिलिंडरचा व्यास १.३९ इंच, ही कारागिरी मला फार आवडते. तिसरी कोल्ट किंग कोब्रा, तीही सहा गोळ्यांची. एलसीआर यादीतून जात नाही, ती बायकोसाठी राहील. बायकोच्या हाताला तिची मूठ नेमकी बसते आणि ट्रिगर मूळच्या तिघींत सगळ्यात हलका लागतो, असं तिचं म्हणणं आहे आणि माझंही.

जुनी एसपी१०१ बघायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. सुरुवातीच्या काही .३५७ वर '१२५ ग्रेन' असं कोरलेलं असतं. त्यांची चौकट आखूड होती, १५८ ग्रेनची लांब काडतुसं तिथे बसवायची नाहीत. गन शोमध्ये किंमत बघून हुरळण्याआधी तो मजकूर वाचा.

नवीन आलेल्या दोघांनी कायद्याचं विचारलं होतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं हे खरं आहे, वय एकवीस किंवा जास्त आणि कायद्याने मनाई नसेल तर. पण एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही मना आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत धीर धरा, किंवा आधी वकिलाला विचारा. मी गरज नसूनही परवाना चालू ठेवला आहे, दुसऱ्या राज्यांत गेल्यावर त्याचा उपयोग होतो. ३०.०६ ची पाटी (परवानाधारकालाही लपवून शस्त्र आत आणायला मनाई करणारी) दारावर असेल, देवळाच्या असली तरी, तर ती पाळायची. गाडीत पक्की बसवलेली तिजोरी त्यासाठीच घेतली आहे.

पुढचं काम ठरलंय. तीन इंची एसपी१०१ एका रेंजवर भाड्याने मिळते असं कळलंय, तिच्यावर हीच रेघ आणि व्हर्नियरची मोजणी करणार, मऊ शिशाच्या उरलेल्या पेटीसह. ज्यांच्याकडे के६एस किंवा किंग कोब्रा असेल त्यांनी १५८ ग्रेनवर पाचव्या आणि सहाव्या काडतुसाची सरक मोजून कळवा. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये शेवटच्याला एक धक्का जास्त बसतो, त्याचा आकडा मला हवाय.