उडुपीचे वाघ: जाण्याआधी तारीख नीट बघा

कर्नाटक किनाऱ्यावरच्या तुळू भाषेत पिली म्हणजे वाघ, आणि पिलिवेष म्हणजे अंग वाघासारखं रंगवून केलेला नाच. विट्टल पिंडीला, म्हणजे तिथल्या गोपाळकाल्याला, तो बघायला उडुपीला जायचं तर सगळ्यात आधी तारखेची खात्री करा. २०२५मध्ये आपला गोपाळकाला १६ ऑगस्टला झाला आणि उडुपीची विट्टल पिंडी १५ सप्टेंबरला! तिथला कृष्ण मठ सौर पंचांग पाळतो, त्यामुळे एखाद्या वर्षी असा महिन्याचा फरक पडतो. आम्ही आपलं कॅलेंडर बघून ऑगस्टची तिकिटं काढली होती, ती रद्द करावी लागली.

कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी सुटते आणि सकाळी उडुपीला पोचवते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेवढं लक्षात ठेवा. स्टेशन इंद्राळीला आहे, तिथून मठापर्यंत रिक्षा मिळते.

शक्यतो एक दिवस आधीच पोचा, कारण रंगकाम बघितल्याशिवाय हा नाच निम्मा कळतो. पहाटे एका मंडळाच्या शेडमध्ये विचारून आत गेलो. अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा आडव्या बांबूवर दोन्ही हात पसरून उभा होता. अंगभर पिवळा रंग, अजून ओला. तो वाळल्याशिवाय पट्टे ओढता येत नाहीत आणि बसलं की रंग निघतो. मित्र त्याच्या तोंडाला चहाचा ग्लास लावत होता. किती वेळ उभा आहेस विचारलं, तर नुसता हसला. फोटो विचारून काढा, आणि रंगवलेल्या अंगाला हात लावू नका.

दुपारी रथबीदीत, म्हणजे मठाभोवतीच्या रस्त्यावर, तासा (आपला ताशा) कडाडला आणि तोच पोरगा ओळखू येईना! खांदे खाली, पंजे पुढे, मान संथ फिरतेय. मग उलटी कमान टाकून त्याने जमिनीवरची नोट तोंडाने उचलली. दुसऱ्या एका वाघाने तांदळाची मुडी, आपल्या कोकणात असते तशीच गवतात आवळलेली, दातांत धरून डोक्यावरून मागे फेकली. माझ्या अंगावर काटा आला.

जागा धरायची तर बारापूर्वी रथबीदीत पोचा. खोली महिनाभर आधी घ्या. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, वाघांना त्या मनापासून द्या. मठात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. मातीच्या कृष्णाचं मध्व सरोवरात, म्हणजे मठाच्या तळ्यात, विसर्जन होतं, तेही बघूनच निघा.

हे जमलं नाही तर नवरात्रात मंगळूर गाठा. वाघ देवीचं वाहन, त्यामुळे तिथे दसऱ्यापर्यंत वाघांची मंडळं रस्त्यारस्त्यांवर दिसतात.