प्रयोगशाळेतून सोबतीकडे

गेले काही दिवस लिओ बस्टाड डोक्यातून जात नाहीये. माणूस व्हेटरनरी सायंटिस्ट, अमेरिकेतला, जन्म १९२०. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता, सुटून आला, शिकला आणि मग हॅनफर्डला, म्हणजे जिथे बॉम्बसाठी प्लुटोनियम बनायचं तिथे, मेंढ्या-डुकरांवर रेडिएशनचा काय परिणाम होतो ते बघत बसला, पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिसला बीगल कुत्र्यांवर तेच. आणि हाच माणूस १९७३ ला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत व्हेटरनरी डीन झाल्यावर म्हणायला लागला की प्राण्यांची सोबत हाच अभ्यासाचा विषय आहे! मला तरी हे वळण भारी वाटतं. पुढे डेल्टा सोसायटी, म्हणजे माणूस आणि प्राण्यांच्या नात्यावर काम करणारी संस्था, उभी करण्यातही त्याचा मोठा हात होता, तीच आता पेट पार्टनर्स म्हणून ओळखली जाते.

त्याच काळात, १९८० मध्ये, एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. ९२ हृदयरुग्ण, त्यातले ५३ जण प्राणी पाळणारे. वर्षभरात त्यांच्यातले ३ गेले आणि न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. आकडे बघून लगेच कुत्रा आणायला धावू नका हं, सॅम्पल छोटं आहे, आणि मुळात ज्यांची तब्येत बरी तेच प्राणी पाळत असतील असंही असू शकतं ना.

हे सगळं टाइप करतेय आणि आमची म्हातारी मांजर कीबोर्डवर पाय टाकून बसलीये, उठवलं की गुरगुरते, म्हणून एका हातानेच चाललंय.