एसएमपीएसचा पंखा बदलताना

सकाळी संगणक सुरू केला की घरघर, मशीन जरा तापलं की आवाज कमी. पंख्याच्या बेअरिंगमधलं तेल सुकत आल्याचं हे लक्षण. पण कॅबिनेटमध्ये पंखे बरेच असतात. वर्तमानपत्राची सुरळी कानाला लावून एकेका पंख्याजवळ ऐकलं, तेव्हा दोषी एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, निघाला. बारीक 'चीं' असा आवाज असता तर पंख्याला हात लावून उपयोग नव्हता. तो कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, असतो.

पंखा बदलणं म्हणजे चार स्क्रू आणि दोन वायरी. भीती असते ती त्याच्या खालच्या मोठ्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाची. आपल्याकडचे २३० व्होल्ट आत जाऊन डीसी झाले की त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असेल तर ३८० ते ४००. हा साठा जिरवणारा रेझिस्टर बहुतेक ठिकाणी असतो, पण तोच उडालेला असेल तर केबल काढल्यावरही झटका बसू शकतो. म्हणून संगणक बंद करून केबल काढली, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं, एसएमपीएस कॅबिनेटमधून सोडवला आणि रात्रभर तसाच ठेवला. वॉरंटी संपली होती, त्यामुळे स्टिकर फाडायला हरकत नव्हती.

झाकण उघडल्यावरही लगेच हात घातला नाही. मल्टिमीटर आधी ९ व्होल्टच्या सेलवर तपासला, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. कपॅसिटरचे पाय बोर्डाच्या खालच्या बाजूला असतात. बोर्डाचे स्क्रू काढले आणि हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) न शिवता, फक्त कडा धरून तो तिरका केला. मग मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर लावून मोजलं: दीड व्होल्टही नव्हता. आकडा मोठा आला असता तर झाकण लावून तो सरळ रिपेअरवाल्याकडे नेला असता. काही जण स्क्रू ड्रायव्हरने पाय जोडून साठा काढतात. ते कृपा करून करू नका. ठिणगी उडते, बोर्डही जातो. अंगातली स्थिर वीज काढून टाकणारा अँटिस्टॅटिक पट्टाही इथे मनगटाला बांधायचा नाही, कारण तो तुम्हाला अर्थिंगला जोडतो.

जुन्या पंख्यावर १२ व्होल्ट, ०.३० अँपिअर असं छापलेलं होतं. माप १२० मिमी, जाडी २५. तो घेऊनच पुण्यातल्या तापकीर गल्लीत गेलो. दुकानदार म्हणाले, "साहेब, लायटिंगवाला घ्या ना, छान दिसतो." मी बॉल बेअरिंगचा मागितला. एसएमपीएसमध्ये पंखा आडवा बसतो आणि साधं स्लीव्ह बेअरिंग तशा स्थितीत लवकर झिजतं. शिवाय लोड कमी असताना एसएमपीएस पंख्याला १२ ऐवजी पाचेक व्होल्टच देतो, म्हणून दुकानातच तो ५ व्होल्टवर फिरवून पाहिला. तेवढ्यावर सुरू होत नसलेला पंखा आत बसवणं धोक्याचं.

नव्याचा प्लग वेगळा निघाला. जुन्याची वायर प्लगसकट कापून जोडली, लाल लालला आणि काळी काळीला. सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलं. पंखा बसवताना हवा आत, बोर्डावर जाईल अशी दिशा ठेवली; फ्रेमवर बहुधा बाण असतो. जुन्या पंख्यावर कोपऱ्यात पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता. तो कचरा नव्हे, हवा वळवण्यासाठी असतो. तसाच परत लावला. वायर पात्यांत किंवा हीटसिंकवर जाणार नाही अशी बांधली.

झाकणाचे सगळे स्क्रू लावल्यावरच चाचणी घेतली. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला तारेने जोडली, मग मागची केबल लावून स्विच दाबला. पंखा हळू सुरू झाला. मागच्या जाळीतून हवा येत होती, घरघर नव्हती.

तुमच्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर फुगलेले दिसले किंवा जळका वास आला, तर पंख्यावर पैसे घालू नका. अख्खा नवीनच घ्या.